उन्हाळ्याची सुट्टी : पगाराचे काम की इंटर्नशिप? मुलीसाठी मार्गदर्शन हवे आहे

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. माझी मुलगी अमळनेरात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. तिची परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात संपेल आणि तिसऱ्या वर्षाचे वर्ग जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतील, म्हणजे तिच्या हाती जेमतेम सहा आठवडे आहेत. या सहा आठवड्यांचे काय करावे, यावरून गेले दहा दिवस आमच्या घरात रोज संध्याकाळी बोलणे होते आणि निर्णय मात्र होत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

तिच्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली वाट बाजार समितीतील एका अडत दुकानाची. सध्या दादर (रब्बी ज्वारी), गहू, हरभरा आणि मक्याची आवक चालू असल्यामुळे त्यांच्या दिवाणजींना मदतनीस हवा आहे. काटापट्टीवरून (वजनाच्या चिठ्ठीवरून) हिशेबपट्टी तयार करणे, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची रक्कम काढणे आणि संध्याकाळी सर्व नोंदी टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीत उतरवणे असे ते काम असून महिना आठ हजार रुपये मिळतील. दुसरी वाट जळगावातील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात इंटर्नशिप करण्याची. तिथे पैसे मिळणार नाहीत, उलट रोजच्या रेल्वे प्रवासाचा आणि डब्याचा खर्च आमच्याकडेच राहील, परंतु काम तिच्या शिक्षणाच्या जवळचे आहे. तिसरी वाट मोबाइलवर आलेल्या एका जाहिरातीची आहे. घरबसल्या एक महिन्याची इंटर्नशिप, शेवटी प्रमाणपत्र आणि त्यासाठी साडेचार हजार रुपये नोंदणी शुल्क. तिच्या वर्गातील काही मुलींनी पैसे भरलेही आहेत.

माझी साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे. मागील हंगामात कापसाने फारसे हाती दिले नाही, त्यामुळे तिच्या तिसऱ्या वर्षाच्या शुल्काचा आणि पुस्तकांचा प्रश्न आठ-दहा हजारांनी सुटतो, हे मी लपवणार नाही. परंतु आजच्या गरजेसाठी तिच्या पुढच्या वाटेत मीच अडथळा ठरलो असे उद्या वाटू नये, ही टोचणी मनाला लागून राहिली आहे. तिच्या प्राध्यापकांनी सांगितले की आता नोकरीच्या अर्जात इंटर्नशिपचा रकाना असतो आणि तो रिकामा दिसला तर अर्ज मागे पडतो. माझे वडील मात्र सगळे ऐकून एवढेच म्हणाले, “कागद राहू दे, हातले काय येस ते सांग” (हाताला काय येते ते सांग). या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, हे ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांनी सांगावे.

हिशेबनीस (जळगाव)

दादा, मी बावीस वर्षे कर सल्लागार म्हणून काम करतो आणि दर उन्हाळ्यात माझ्याकडे दोन-तीन विद्यार्थी येतात, त्यामुळे दुसऱ्या वाटेविषयी अधिकाराने लिहू शकतो.

मे आणि जून हे आमच्या व्यवसायात शिकण्यासाठी उत्तम महिने आहेत. मार्चअखेर झालेली असते, गिऱ्हाइकांच्या वह्या आणि बँकेची खातेउताऱ्यांची पाने येऊन पडलेली असतात. खातेवहीतील शिल्लक आणि बँकेतील शिल्लक का जुळत नाही हे शोधण्यात विद्यार्थ्याचे पहिले दोन आठवडे जातात, आणि लेखाशास्त्राच्या पुस्तकात दोन पानांत आटोपलेले बँक जुळवणीपत्रक म्हणजे प्रत्यक्षात काय असते, ते तिथे कळते. मार्चअखेरच्या तिमाहीचे टीडीएस (उगमस्थानी कापलेला कर) विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचे असते. जीएसटीत दर महिन्याला ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील आणि २० तारखेपर्यंत कराच्या भरण्यासह विवरणपत्र जाते. पुढे ३१ जुलैची मुदत समोर दिसत असल्यामुळे व्यक्तिगत आयकराची कामे जूनमध्येच हाती घ्यावी लागतात. ज्या मुलीने जीएसटीच्या दोन मासिक फेऱ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, तिला तिसऱ्या वर्षाचा करविषयक पेपर वेगळा वाचावा लागत नाही.

मात्र दोन प्रश्न विचारल्याशिवाय मुलीला तिथे पाठवू नका. तिला संगणकावर बसवून शिकवणार कोण, हा पहिला. कार्यालयाचे मालक दिवसभर बाहेर असतील आणि ज्येष्ठ सहायकाला वेळ नसेल, तर मुलगी सहा आठवडे झेरॉक्स काढील, फाइलींना दोरा बांधील आणि चहाचे पेले मोजील. दुसरा प्रश्न पैशांचा. पहिले पंधरा दिवस विद्यार्थ्याकडून माझ्या कार्यालयाला काहीही मिळत नाही, उलट माझाच वेळ जातो, हे खरे आहे. परंतु तिसऱ्या आठवड्यापासून तो ज्या नोंदी करतो त्यांचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून घेतो. मग त्याला काहीच न देणे मला पटत नाही. मी पाच हजार आणि मासिक पासचे भाडे देतो. संबंधित कार्यालयात जाऊन निदान प्रवासखर्च मागा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

तिला पुढे सनदी लेखापाल व्हायचे असेल तर गोष्ट निराळी. तिथे आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, सक्तीची आहे, जुलै २०२३ पासूनच्या नव्या रचनेत तिचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे आणि तिथे विद्यावेतन द्यावेच लागते. त्या वाटेवर जाणाऱ्या मुलीने सहा आठवड्यांच्या बिनपगारी कामासाठी जीव टाकण्याचे कारण नाही.

साडेचार हजारांच्या जाहिरातीविषयी एकच वाक्य लिहितो. काम देणारा पैसे देतो. जो पैसे मागतो तो काम देत नसून प्रमाणपत्र विकतो.

पांझरा ते पुणे

मूळ धुळ्याचा, आता पुण्यात संगणक क्षेत्रात. इथे एक वेगळे मत मांडतो, कारण पुढे या धाग्यावर स्थानिक कामाची स्तुती होत राहील आणि अभियांत्रिकीची मुले ती वाचून चुकीचा निष्कर्ष काढतील, अशी मला भीती वाटते.

आमच्या क्षेत्रात इंटर्नशिप हा नोकरीचा पहिला दरवाजा आहे. अनेक कंपन्या शेवटच्या वर्षात सहा महिन्यांसाठी विद्यार्थ्यांना घेतात, त्यांचे काम पाहतात आणि त्यांतल्याच चांगल्या मुलांना कायम करतात. बाहेरून येणाऱ्या अर्जदारासाठी ज्या जागा उरतात त्या थोड्या असतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या धोरणात अभियांत्रिकी पदवीच्या विद्यार्थ्यासाठी ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप धरलेली आहे. एवढे तास शेवटच्या सहामाहीत एकदम भरून निघत नाहीत, ते दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून साठवावे लागतात. मी स्वतः दुसऱ्या वर्षानंतरची सुट्टी मोबाइलच्या दुकानात आणि तिसऱ्या वर्षानंतरची लग्नसराईत वाढप्याचे काम करण्यात घालवली. पैसे मिळाले, ते घरी दिले, त्याचा पश्चात्ताप नाही. परंतु माझ्याबरोबरचे दोन मित्र त्याच काळात प्रत्यक्ष प्रकल्पावर काम करत होते आणि पदवीनंतर त्यांना लगेच नोकरी लागली. मला त्यासाठी चौदा महिने थांबावे लागले. त्या चौदा महिन्यांत जे उत्पन्न बुडाले ते दोन उन्हाळ्यांच्या कमाईच्या कितीतरी पट होते.

दादांच्या मुलीचे क्षेत्र वेगळे आहे, हे मान्य. तरीही ‘कोणतेही काम म्हणजे अनुभवच’ असे सरसकट म्हणणाऱ्यांना मी सांगीन की सगळे अनुभव सारख्या भावाने विकले जात नाहीत.

सावदेकर, मुक्काम चाकण

पुण्याच्या भाऊंचे म्हणणे त्यांच्या क्षेत्रापुरते बरोबर आहे, पण त्यातली एक कडी सुटली आहे असे मला वाटते. माझी गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती नेमकी याच प्रश्नाची आहे.

मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली. दोन उन्हाळे मी सावद्याजवळच्या एका केळी पॅकिंगगृहात मजुरीवर होतो. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहालाच अंग भाजते, त्यामुळे पहाटे बागेत घडांची कापणी होई आणि उजाडेपर्यंत पहिली गाडी पॅकिंगगृहात येई. घडाच्या फण्या वेगळ्या करायच्या, चीक वाहून जावा म्हणून त्या तुरटीच्या पाण्यात सोडायच्या, मग लांबी व जाडी पाहून प्रतवारी करायची, १३ किलोच्या खोक्यात भरायच्या आणि थंड खोलीत पाठवायच्या. त्या खोलीचे तापमान १३ ते १४ अंशांवर ठेवावे लागे, कारण त्याखाली गेले की साल काळवंडते आणि वर गेले की फळ वाटेतच पिकायला लागते. पहिल्या उन्हाळ्यात मी केवळ फण्या उचलल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथल्या देखरेखवाल्या काकांनी माझ्या हाती वही दिली आणि सांगितले की जी फणी निर्यातीतून बाजूला पडते तिचे कारण लिहीत जा.

त्या वहीने माझे आयुष्य बदलले, असे मी म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. चिकाचे डाग, घासल्याचे ओरखडे, लांबी कमी, साल फाटलेली, असे रकाने मी आखले आणि दहाव्या दिवशी लक्षात आले की ओरखड्यांचा माल बहुतेक एकाच वाहनातून येतो. त्या गाडीच्या तळाला फोमची गादी फाटलेली होती. गादी बदलली आणि बाजूला पडणारा माल पुढच्याच आठवड्यात डोळ्यांना दिसण्याइतका कमी झाला.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मुलाखतीला गेलो तेव्हा माझ्याकडे इंटर्नशिपचे प्रमाणपत्र नव्हते. शेजारी बसलेल्या मुलाकडे तीन होती. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी मला विचारले की सुट्टीत काय केलेस, आणि मी केळीचे सांगताच त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, “माल किती बाद होत होता आणि का?” मी वहीतील रकाने सांगितले, गादीची हकिकत सांगितली. गुणवत्ता विभागाचे सगळे काम हेच आहे, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. त्यांना मात्र लगेच दिसले. आज मी त्याच विभागात आहे आणि प्रशिक्षणार्थींच्या मुलाखतींना कधी कधी बसतो. प्रमाणपत्र आम्ही पाहतो, नाही असे नाही, पण ते पाहायला अर्धे मिनिट लागते आणि त्यानंतरची दहा मिनिटे त्या प्रमाणपत्राच्या मागे काय घडले हे विचारण्यात जातात.

म्हणून पुण्याच्या भाऊंना माझे सांगणे असे की मोबाइलच्या दुकानातही त्यांना कोणी अशी वही दिली असती, दुरुस्तीला आलेल्या फोनची कारणे लिहायला लावली असती, तर त्यांचे चौदा महिने कदाचित कमी झाले असते. आणि ती वही देणारा माणूस प्रत्येकाला भेटत नाही, हेही मी जाणतो. मला ते काका भेटले हे माझे नशीब.

नवापूरची ताई (नंदुरबार)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माझ्या जिल्ह्यातील मुलींच्या बाजूने थोडे लिहिते.

बिनपगारी इंटर्नशिप ही ज्याचे शहरात घर आहे त्याची सोय आहे. आमच्या भागातून पुणे किंवा नाशिकला जायचे म्हणजे खोलीचे भाडे, अनामत आणि खानावळ हे सर्व आधी भरायचे, आणि त्या बदल्यात एक कागद घेऊन परत यायचे. सुरत आम्हाला जवळ. उधना-जळगाव रेल्वेमार्गामुळे आमची मुले कापड बाजारात कामाला सहज जातात, पण तिथे ती कॉलेजचे विद्यार्थी म्हणून जात नाहीत, कामगार म्हणून जातात, आणि जूनमध्ये त्यांतले काही परत येतच नाहीत. उन्हाळ्याच्या कामाचा हा धोका इथे कोणी लिहिला नाही. महिन्याला रोख पैसे मिळू लागले की घरालाही त्यांची सवय लागते आणि तिसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याऐवजी तो मुलगा तिकडेच राहतो. माझ्या वर्गातील दोघांचे शिक्षण असेच सुटले.

त्यामुळे अमळनेरच्या दादांना माझी विनंती आहे की आठ हजार मिळाले तर ते मुलीच्या नावाच्या खात्यातच राहू द्यावेत आणि पहिल्या दिवशीच ठरवावे की हे पैसे शुल्काचे आहेत. रोज संध्याकाळी ती घरी येणार असेल तर ते काम माझ्या मते जळगावच्या प्रवासापेक्षा बरे.

ओजेटी समन्वयक

मी जळगाव जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात शिकवतो आणि गेल्या वर्षापासून कार्यप्रशिक्षणाचे, म्हणजे ज्याला सगळे ओजेटी म्हणतात त्याचे काम पाहतो. या धाग्यावर नियमांची माहिती येणे आवश्यक आहे, कारण पालक ज्या चिंतेने हा निर्णय घेत आहेत तिच्यातील बरीच चिंता नियम नीट न कळल्यामुळे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने जी रचना आली तिच्यात तीन वर्षांच्या पदवीच्या सहाव्या सत्रात चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) कार्यप्रशिक्षण आहे. एक श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणून चार श्रेयांकांचे १२० तास होतात. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस आणि सहा तास धरले तर वीस दिवस. बोरीकाठ दादांच्या मुलीला हे तास पुढील वर्षी भरायचेच आहेत, त्यामुळे या उन्हाळ्यात इंटर्नशिप केली नाही म्हणून तिच्या गुणपत्रकातील कोणताही रकाना रिकामा राहणार नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. पगाराचे काम आणि इंटर्नशिप या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे धोरणात कुठेही म्हटलेले नाही. २०२० च्या मूळ धोरणात स्थानिक उद्योग, व्यवसाय, कलावंत आणि कारागीर यांच्याकडे विद्यार्थ्यांना इंटर्नशिपची संधी मिळावी असे स्पष्ट लिहिले आहे. रावेरचे पॅकिंगगृह, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईचा किंवा पाइपाचा कारखाना, डाळ मिल, पतसंस्था, दूध संघ, बाजार समितीतील अडत, हे आपल्या भागातील उद्योग आहेत. विप्रोसारख्या कंपनीचे मूळही १९४५ साली अमळनेरात सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की ते आश्चर्याने पाहतात. उद्योग म्हणजे काचेची इमारत, ही समजूत आम्हा शिक्षकांनीच त्यांच्या मनात रुजवली आहे आणि तिचे प्रायश्चित्त आम्हीच घ्यायला हवे.

साध्या कामाचे कार्यप्रशिक्षण व्हायचे असेल तर काय लागते, ते लिहितो. काम सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयाचे पत्र दुकानात जायला हवे आणि त्यांनी ते स्वीकारल्याची सही हवी. काम झाल्यावर मागून पत्र तयार करणे मी मान्य करत नाही. दुकानातील एका व्यक्तीचे नाव मार्गदर्शक म्हणून ठरलेले असावे. विद्यार्थ्याने रोजची दैनंदिनी लिहावी, आणि त्या दैनंदिनीत ‘आज नोंदी केल्या’ एवढेच नसावे, कोणती नोंद चुकली आणि ती कशी सापडली हेही असावे. सावदेकरांनी वर्णन केलेली वही आम्हाला हवी असलेल्या दैनंदिनीचा उत्तम नमुना आहे.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागील वर्षी एका विद्यार्थ्याने पैसे भरून मिळवलेले, सोनेरी किनारीचे, ‘डेटा विश्लेषण’ असे लिहिलेले प्रमाणपत्र आणले. तोंडी परीक्षेत मी त्याला विचारले की कोणता डेटा होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की सर, रोज एक व्हिडिओ यायचा. त्याच्या आईने त्या पैशांसाठी बचत गटातून कर्ज घेतले होते. मला त्या मुलाचा राग आला नाही. परंतु त्याला वेळेत न सांगितल्याबद्दल आम्हा सर्वांची जबाबदारी आहे, असे मी विभागाच्या बैठकीत बोललो आणि त्यानंतर आम्ही पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्यांना याविषयी सावध करू लागलो.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी (धुळे)

सरांच्या लेखनाला एका अभ्यासाची जोड देते. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पदवीधरांचे काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवण्यात आले होते. ज्या अर्जांत शिक्षण चालू असतानाच्या इंटर्नशिपचा उल्लेख होता त्यांना मुलाखतीची बोलावणी सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आली. त्याच अर्जांत पदवीची शाखा बदलून पाहिली तेव्हा वाणिज्य-व्यवस्थापनाची पदवी असल्याचा वेगळा लाभ मात्र दिसला नाही. न्यूयॉर्क शहरात तरुणांना उन्हाळी काम देणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचाही अभ्यास झाला आहे. त्यात सोडतीने निवड होत असल्यामुळे काम मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना करता आली. काम मिळालेल्यांचे पुढील वर्षांतील उत्पन्न त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही, परंतु तुरुंगात जाण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात कमी होते.

यातून मला एवढेच दिसते की अर्ज उघडून पाहिला जाण्यासाठी इंटर्नशिप या शब्दाचा उपयोग होतो, आणि उन्हाळी कामाचा लाभ पगाराच्या आकड्यात मोजायला गेले तर तो हाती लागत नाही. आपल्याकडे आकडे तसेच येतील असे मी म्हणत नाही. तिथले श्रमबाजार, तिथली मुले आणि तिथले अर्ज वेगळे आहेत. बोलावणे आल्यानंतर खोलीत काय होते, ते सावदेकर भाऊंच्या गोष्टीत आहे आणि ते अशा संशोधनात मोजले जात नाही.

भुसावळ जंक्शन

धाग्यावर अजून कोणी शासकीय योजनांचा उल्लेख केला नाही, पण व्हॉट्सॲपवर त्यांचे संदेश फिरत असतात, म्हणून खुलासा करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आणि त्याच वर्षीची राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, या दोन्ही सुरू झाल्या तेव्हा ज्यांचे नियमित शिक्षण चालू आहे अशा विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या नव्हत्या. राज्याच्या योजनेत बारावी उत्तीर्णास सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले होते. दादांच्या मुलीने यांचा विचार पदवीनंतर करावा, आणि त्या वेळच्या अटी संकेतस्थळावर स्वतः वाचाव्यात, कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

पदवीनंतरचीच आणखी एक वाट म्हणजे शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप). १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ती नोंदवली जाते, आणि तिच्या नियमांच्या २०१९ च्या दुरुस्तीत पदवीधरासाठी किमान विद्यावेतन नऊ हजार रुपये ठरवण्यात आले. तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आमच्या भुसावळ परिसरात रेल्वे आणि आयुध निर्माणीमुळे या शब्दाला जुनी प्रतिष्ठा आहे. वाणिज्यच्या मुलांना मात्र वाटते की तो केवळ फिटर-वेल्डरसाठी आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी मुलीला जवळ बसवून सगळा धागा तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. माझ्या वडिलांनीही ऐकला. सावदेकरांच्या गादीची हकिकत त्यांनी दोनदा वाचायला लावली.

साडेचार हजारांची वाट आम्ही बंद केली. जळगावच्या कार्यालयात जाऊन हिशेबनीस साहेबांनी सांगितलेले दोन्ही प्रश्न विचारले. शिकवणार कोण, याला तिथे स्पष्ट उत्तर मिळाले नाही आणि प्रवासखर्चाचा विषय निघताच बोलणे आवरते घेण्यात आले. मुलगी स्वतःच म्हणाली की इथे नको.

मग अडत दुकानात गेलो. दिवाणजी सदुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी आधी लाल कापडाच्या जुन्या वह्या काढून दाखवल्या आणि म्हणाले की संगणकावरची नोंद मी मुलीकडून शिकीन, शेतकऱ्याचा हिशेब तिने माझ्याकडून शिकावा. मी स्वतः तीस वर्षे त्या बाजारात माल विकतो, हिशेबपट्टी हाती घेतो आणि खालचा आकडा पाहून घडी घालून खिशात ठेवतो. वरच्या ओळी कशा येतात हे मला कधीच नीट कळले नव्हते. ते माझ्या मुलीला कळणार आहे, याचा जो आनंद मला झाला तो आठ हजारांहून मोठा आहे. नवापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे पगार तिच्या बँक खात्यात जमा करायचे ठरले आहे. हिशेबनीस साहेबांनी परवानगी दिली तर सहाव्या सत्रातील १२० तासांसाठी ती त्यांच्याकडे येऊ इच्छिते. तोपर्यंत बाजारातील सहा आठवडे तिच्या गाठीशी असतील.

सोमवारपासून ती जाणार आहे. समन्वयक सरांना एकच शंका विचारतो. या उन्हाळ्याचे तास मोजले जाणार नसले तरी तिला दैनंदिनी तुमच्या पद्धतीनेच लिहायची आहे. दिवाणजींची सही रोज घ्यावी लागते की आठवड्यातून एकदा चालते?

ओजेटी समन्वयक

आठवड्यातून एकदा पुरेशी आहे. तारीख मात्र दिवाणजींनी स्वतःच्या हाताने घालावी, आणि त्या आठवड्यात सापडलेल्या एका चुकीखाली त्यांचा शेरा घ्यावा.